वजन उतरल्यावर दिसू लागलेल्या स्ट्रेच मार्क्सचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांत सोळा किलो वजन उतरवलंत, अजून दहा किलो उतरवायचं आहे. पण पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पांढुरक्या रेघा दिसायला लागल्या आहेत. शिवाय जिममध्ये वजनं उचलायला लागल्यापासून काखेच्या पुढच्या बाजूला काही जांभळट-गुलाबी रेघा आल्या आहेत. वजन फार वेगाने उतरवलं म्हणून हे झालं का, पुढे आणखी येतील का, आणि तेल, क्रीम, लेझर यांतलं खरंच काय उपयोगाचं आहे, हे तुम्हाला हवं आहे.

पहिल्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. पोटावरच्या आणि मांड्यांवरच्या रेघा वजन कमी झाल्यामुळे आलेल्या नाहीत. त्या वजन वाढत होतं तेव्हाच पडल्या होत्या. त्या वेळी कातडी तट्ट ताणलेली होती, त्यामुळे रेघा सपाट आणि पसरट होत्या; आणि पोट सुटलेलं असताना ओटीपोटाचा खालचा भाग स्वतःचा स्वतःला दिसतही नाही. आता आतली चरबी गेली आणि कातडी सैल पडली. रेघेच्या जागची त्वचा शेजारच्या त्वचेपेक्षा पातळ असते, म्हणून ती आधी सुरकुतते, किंचित खोलगट होते आणि सावली धरते. आरशात ‘नवीन’ दिसतं ते हे.

रंगही तेच सांगतो. ताजी रेघ कधीच पांढरी नसते. उजळ वर्णावर ती गुलाबी किंवा लाल असते, सावळ्या वर्णावर जांभळट, तपकिरी नाहीतर निळसर काळपट. हाताला किंचित उंच लागते आणि कधीकधी खाजते. काही महिने ते एक-दोन वर्षं अशी गेली की रंग उतरत जातो आणि मागे पांढुरकी, चकचकीत, जराशी खाली बसलेली पट्टी उरते. म्हणजे पोटावरच्या रेघांचं वय तुम्ही डाएट सुरू केलं त्याच्याही आधीचं आहे. काखेजवळच्या मात्र खरोखर नव्या आहेत, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे.

एक साधी तपासणी घरीच करून बघा. खोलीतला वरचा दिवा बंद करा आणि खिडकीचा उजेड बाजूने अंगावर पडेल असे उभे राहा. रेघेवरून बोटाचं टोक आडवं फिरवा. मग रेघेच्या दोन्ही बाजूंची कातडी चिमटीत धरून हलकेच जवळ आणा. जुनी रेघ असेल तर तिच्यावर चुरगळलेल्या पातळ कागदासारख्या बारीक आडव्या सुरकुत्या उठतील. ताजी रेघ अशी चुरगळत नाही. ती थोडी फुगीर राहते, आणि बोटाने दाबून सोडली की लाली क्षणभर जाते आणि परत येते. सावळ्या कातडीवर ही लाली ओळखणं अवघड जातं, तिथे उंचवटा आणि खाज यांवर जास्त भरवसा ठेवा. कोणत्या रेघेला कोणता उपचार, हे बहुतेक इथेच ठरतं. उपचारावर खर्च करायच्या आधी हे पाहणारे फार थोडे असतात.

आत काय घडतं तेही सांगते. वरची बाह्यत्वचा शाबूत असते, म्हणून रक्त येत नाही की खपली धरत नाही. बिघाड होतो तो खालच्या थरात, अंतस्त्वचेत. तिथे कोलेजनचे धागे मजबुती देतात आणि इलास्टिनचे धागे ताण सुटल्यावर कातडी जागेवर आणतात. ताण या धाग्यांच्या सोसण्यापलीकडे आणि भराभर गेला की, जास्त खेचलेल्या कापडाची वीण विसविशीत व्हावी तसं इथे होतं. सुरुवातीला तिथे दाह असतो, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रेघ लाल दिसते ती त्यामुळे. नंतर दाह ओसरतो आणि कोलेजनचे नवे धागे भरतात, पण ते ताणाच्या दिशेने समांतर, सपाट पडलेले असतात. जखमेचा व्रण भरतो तसंच. इलास्टिनचं जाळं मात्र पूर्वीसारखं परत विणलं जात नाही. शरीर ते मुख्यतः गर्भावस्थेत आणि लहानपणी तयार करतं. प्रौढ वयात त्याची भर अगदी नगण्य असते. ‘स्ट्रेच मार्क्स मुळापासून नाहीसे करा’ असं सांगणाऱ्या कुठल्याही डबीवर विश्वास ठेवायच्या आधी एवढं लक्षात असू द्या.

नुसत्या ताणानेच हे होत असतं तर वजन वाढलेल्या प्रत्येकाला रेघा आल्या असत्या. तसं होत नाही, कारण घराण्यातून येणारी कातडीची ठेवण यात मोठं काम करते. युरोपीय वंशाच्या सुमारे ३४ हजार लोकांच्या जनुकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात स्ट्रेच मार्क्सशी जोडलेल्या जागांपैकी एक थेट इलास्टिनच्या जनुकाजवळ सापडली. आई किंवा बहिणीच्या अंगावर अशा रेघा असतील तर तुमच्याकडेही त्या येण्याची शक्यता वाढते, तुम्ही काहीही चोळलंत तरी. दुसरा वाटा संप्रेरकांचा, विशेषतः कॉर्टिसॉलचा. ते कोलेजन तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. वयात येताना, गरोदरपणात आणि स्टिरॉइडची औषधं चालू असताना रेघा सहज पडतात त्या ताण आणि संप्रेरकं एकत्र आल्यामुळे. उंची झपाट्याने वाढणाऱ्या मुलांच्या कमरेवर पाठीमागे आडव्या समांतर रेघा येतात. त्या इतक्या वळांसारख्या दिसतात की मुलाला कुणी मारलंय की काय असा संशय घेतला जातो. जाड-बारीक होण्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

आता काखेजवळच्या रेघा. छाती आणि खांदा जिथे मिळतात तिथली कातडी बेंच प्रेस, डिप्स अशा व्यायामांत दोन्हीकडून खेचली जाते, आणि खाली स्नायू भराभर वाढत असेल तर नेमकी तिथेच उसवते. व्यायाम बंद करण्याची गरज नाही. पण दर आठवड्याला वजन वाढवत नेण्याची घाई करत असाल तर थोडं सबुरीने घ्या. आणि एक प्रश्न स्पष्टच विचारते, कारण रुग्ण तो आपणहून सांगत नाहीत: ‘मसल गेन’साठी कुणी इंजेक्शनं किंवा गोळ्या दिल्या आहेत का? अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडवर असलेल्या लोकांत खांद्यावर, दंडावर रुंद लालभडक रेघा थोडक्या काळात उमटतात. असं काही चालू असेल तर कातडी ही त्यातली सगळ्यात लहान काळजी आहे. डॉक्टरांना खरं सांगा.

मांड्यांच्या बाबतीतही एक चौकशी करायची आहे. वजन जास्त असताना जांघेत घाम साचतो, कातडी एकमेकींवर घासते, गजकर्ण होतं. मग औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली एक ट्यूब महिनोन्‌महिने लावली जाते, कारण लावली की खाज दोन दिवसांत थांबते. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन असं नाव दिसलं तर ते तीव्र स्टिरॉइड आहे. जांघ, काख, स्तनांखालची घडी इथली कातडी मुळातच नाजूक, वर घडीत औषध कोंडून राहतं आणि जास्त शोषलं जातं. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि रुंद, खोल रेघा पडतात. वजनामुळे पडणाऱ्या रेघांपेक्षा या जास्त ठसठशीत असतात, आणि गजकर्ण तर बरं होतच नाही, उलट पसरतं. मी पाहते त्या जांघेतल्या वाईट रेघांमागे अशी ट्यूब पुष्कळदा निघते. तुमच्याकडे असेल तर ती थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. थांबवल्यावर खाज काही दिवस उफाळते, तेवढ्यासाठी परत लावू नका.

पुढच्या दहा किलोंत नवीन रेघा येतील का? नुसतं वजन उतरल्याने नाही येणार. येतील त्या वजन परत वाढलं तर. उपाशी राहून दहा किलो घालवायचे, मग सहा महिन्यांत बारा परत आणायचे, असा झोका ज्यांचा चालतो त्यांची कातडी पुन्हापुन्हा ताणली जाते. म्हणून आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग धरावा. तुमचा आतापर्यंतचा वेग जवळपास अर्ध्या किलोचा आहे, म्हणजे घाई झाली हा अपराधीपणा सोडून द्या. या वेगाचा मुख्य फायदा स्नायू टिकण्याचा आणि उतरलेलं वजन उतरलेलं राहण्याचा. कातडी कितपत आवळेल हे मात्र वय, ती किती वर्षं ताणलेली होती, उन्हाने किती झिजली आहे आणि तुम्ही धूम्रपान करता का, यांवर जास्त ठरतं. यातलं शेवटचंच काय ते तुमच्या हातात आहे.

आहारात प्रथिनं पुरेशी हवीत. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजन उतरवताना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम हे प्रमाण ठीक. कोलेजनचे धागे पक्के व्हायला क जीवनसत्त्व लागतंच, पण त्याची कमतरता नसताना वर गोळ्या घेतल्याने कातडी जास्त घट्ट होत नाही. भरपूर पाणी पिऊन रेघा टळतात हेही तसंच. पाणी प्या, पण तहानेसाठी.

तेल आणि क्रीम. स्ट्रेच मार्क्स टाळण्याची सगळ्यात काटेकोर परीक्षा गरोदर स्त्रियांवर झाली आहे, कारण तिथे ताण कधी येणार आणि कुठे येणार हे आधीच माहीत असतं. उपचारांचे पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात अशा सहा चाचण्या आणि ८०० स्त्रिया यांचा एकत्र विचार झाला. निष्कर्ष असा की लावायच्या कुठल्याही पदार्थाने रेघा टळतात असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. त्यात कोको बटर आणि ऑलिव्ह तेलही होतं. बाटली कितीही महाग असली तरी तिच्यातलं तेल त्या उसवलेल्या थरापर्यंत जाऊन वीण दुरुस्त करत नाही. मग लावूच नये का? लावा. कोरडेपणा जातो, ताज्या रेघांची खाज कमी होते आणि मऊ, तुकतुकीत कातडीवर रेघ कमी उठून दिसते. त्यासाठी साधं मॉइश्चरायझर पुरतं. सेंटेला (मंडूकपर्णी) ही वनस्पती किंवा हायलुरोनिक अ‍ॅसिड असलेल्या क्रीमने छोट्या अभ्यासांत थोडा गुण दिसला आहे. वापरायची तर हरकत नाही, पण त्यावर आशा टांगू नका. लिंबाचा रस, खरखरीत स्क्रब, बेकिंग सोडा यांपासून मात्र लांब राहा. रेघ जागेवरच राहते आणि भोवतालची कातडी भाजून काळी पडते.

उपचारात लाल रेघेला घाई आणि पांढऱ्या रेघेला धीर, असा क्रम लावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: लाल आहेत तोवर ‘जातील आपोआप’ म्हणून सोडून देतात आणि पांढऱ्या झाल्या की लेझरची चौकशी करत फिरतात.

ताज्या रेघांसाठी सगळ्यात जुनं, तपासलेलं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं लावायचं क्रीम. १९९६ मधल्या २२ जणांच्या एका अभ्यासात ०.१ टक्के ट्रेटिनॉइन सहा महिने रोज लावल्यावर ताज्या रेघांची लांबी सरासरी १४ टक्क्यांनी आणि रुंदी ८ टक्क्यांनी कमी झाली. नुसतं साधं क्रीम लावणाऱ्यांच्या रेघा तेवढ्या काळात वाढल्या. आकडे मुद्दाम दिले. चौदा टक्के म्हणजे जादू नव्हे, पण वाढणारी रेघ थांबून आखडणं हेही कमी नाही. काखेजवळ लावताना सुरुवात ०.०२५ टक्क्यापासून, एक दिवसाआड, रात्री, कातडी पूर्ण कोरडी असताना, बोटाच्या टोकावर मावेल एवढ्याच क्रीमने करा. फक्त रेघांवर लावा, काखेच्या घडीत जाऊ देऊ नका. थोडी लाली आणि पापुद्रे सुटणं अपेक्षित आहे. आग होऊ लागली तर चार दिवस थांबा, कारण सावळ्या कातडीवर आगीच्या जागी काळे डाग राहतात आणि ते जायला महिने लागतात. दिवसा ती जागा उघडी राहत असेल तर सनस्क्रीन लावा. गरोदरपणात, किंवा मूल होऊ देण्याचा विचार चालू असेल तर हे औषध वापरायचं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही सुरू करू नका.

लाल रेघांची लाली उतरवायला ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचं पल्स्ड डाय लेझर वापरतात. ते रक्तवाहिन्यांना लक्ष्य करतं, म्हणून पांढऱ्या रेघेत त्याला फारसं काम उरत नाही. त्वचेतलं रंगद्रव्यही हा प्रकाश शोषतं, म्हणून गडद वर्णावर ते जपूनच वापरावं लागतं.

पांढऱ्या रेघांत रंग परत आणणं आणि पोत सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. पोतासाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी मारा करणारं लेझर). दोन्हींचं तत्त्व एकच: अंतस्त्वचेला बारीक, मोजूनमापून इजा करायची म्हणजे ती भरताना नवं कोलेजन तयार होईल. साधारण तीन ते सहा बैठका, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, आणि फरक दिसायला त्यापुढे काही महिने. रेघ अरुंद होते, भरते, शेजारच्या कातडीशी मिसळते, पण पुसली जात नाही. सावळ्या आणि गडद वर्णावर मी आधी मायक्रोनीडलिंगकडे वळते, कारण कार्बन डायऑक्साइड फ्रॅक्शनल लेझरच्या उष्णतेने काळे डाग पडण्याचा धोका जास्त असतो आणि गुण सुयांनीही साधारण तेवढाच येतो. घरी फिरवायचा रोलर घेऊ नका. बोथट झालेल्या सुया कातडी ओरबाडतात, आणि निर्जंतुक न केलेला रोलर पोटभर जंतू पेरतो. रंगासाठी ३०८ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा उपचार आहे. त्याने रंग भरतो, पण टिकवायला अधूनमधून परत घ्यावा लागतो आणि खोलगटपणा तसाच राहतो. उन्हात बसून रेघा झाकायचा प्रयत्न तर उलटा पडतो: भोवतालची कातडी रापते, रेघ रापत नाही, आणि ती जास्तच उठून दिसते. एखाद्या समारंभापुरतं झाकायचं असेल तर वॉटरप्रूफ कन्सीलर बरा.

हे सगळं पोट-मांड्यांवर आत्ता सुरू करू नका. अजून दहा किलो उतरायचं आहे. आज ज्या कातडीवर काम करू ती वर्षभराने वेगळ्या आकाराची असेल. वजन सहा महिने स्थिर राहू द्या. तोवर कातडी आपली आपण किती आवळते तेही कळेल. तेव्हाही कातडी खरोखर लोंबत असेल तर तो प्रश्न रेघांचा नाही, जास्तीच्या कातडीचा आहे, आणि त्यावर क्रीम किंवा सुया चालणार नाहीत. पोटाच्या शस्त्रक्रियेत बेंबीखालची कातडी रेघांसकट काढून टाकतात. बेंबीवरच्या रेघा मात्र ताणून खाली येतात, आणि ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहतो.

रेघा एक सेंटीमीटरपेक्षा रुंद, गडद जांभळ्या असतील, चेहरा गोल होत असेल, हातपाय बारीक आणि पोट मोठं असेल, जरा धक्का लागला की काळंनिळं पडत असेल, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नसेल, रक्तदाब किंवा साखर नव्याने वाढली असेल, तर आधी कॉर्टिसॉलची तपासणी. कुशिंग सिंड्रोम नावाचा विकार असा दिसू शकतो, आणि त्यात रेघांवर उपचार करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. वजनात किंवा उंचीत काही बदल नसताना रेघा आल्या आणि सांधे विलक्षण लवचिक असतील, तर तेही दाखवून घ्यावं.

उपचार सुरू करताना पहिल्या दिवशी फोटो काढा: तोच खिडकीचा बाजूचा उजेड, तेवढंच अंतर, नंतर दर महिन्याला तसाच. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कुठलीही रेघ निम्मी गायब होते, आणि ‘आधी-नंतर’च्या जाहिराती बऱ्याचदा तेवढ्यावरच चालतात. क्लिनिकमध्ये सहा बैठकांचे पैसे एकरकमी भरण्याआधी चाचणी म्हणून एकाच रेघेवर एक बैठक मागा, तीही कपड्याखाली झाकली जाणाऱ्या जागी. मग सहा-आठ आठवडे थांबा. डाग पडायचा असेल तर तो तोवर दिसतो, आणि तो एका रेघेपुरताच राहतो.